कललेलं पितळी कडं

तोलेदो

प्रिय जमिला,

तुला आणि पोटातल्या जीवाला शांती असो.

आमचं विषुवदिनाचं मोजमाप बाद झालं. मुख्य ज्योतिषी मेइर यांनी आज स्वतः पितळी कडं तपासून तसं सांगितलं. मी धडधाकट आहे, खोकलाही गेला.

यंदा विषुवदिन नेमका शब्बाथला आला, म्हणजे आपल्याला कसल्याच कामाला हात लावता येत नाही त्या दिवशी. कडं मी आदल्या दिवशीच पाण्याच्या पातळीवर बसवून ठेवलं होतं. शब्बाथला मी नुसतं बघायचं आणि पाद्री गिलने लिहायचं, असं ठरलं होतं. पण त्या भल्या माणसाने मी पोहोचायच्या आत नीट ऊन पडावं म्हणून कडं भिंतीपासून पुढे ओढलं.

"तुला आज हात लावता येत नाही, म्हणून मीच केलं," म्हणाला.

"अरे देवा! गिल, ते कललंय. डावीकडून उचल!"

"डावी कुणाची, तुझी का माझी?"

मी हात पाठीमागे बांधून उभा. तेवढ्यात माध्यान्ह टळली, आणि कड्याची सावली मोजायची वेळ गेली. त्याच्यावर रागावू तरी कसा?

आता पुन्हा मोजायचं ते शरदात. तोवर राजेसाहेबांसाठी आम्ही लिहितोय त्या ज्योतिषग्रंथातलं विषुवदिनाचं पान कोरंच राहील. तुझे दिवस तर उन्हाळ्यात भरतायत. पाय अजून सुजतात का? आई येऊन राहिली का? सुईणीला आत्ताच सांगून ठेव.

मी रजा मागितली आहे. मेइर दरबारात शब्द टाकणार आहेत, पण काम अर्धवट असताना इथून कुणाला सोडलेलं मी पाहिलं नाही. सोमवारी उत्तर येईल. मुलगा झाला, तर सुंतेच्या वेळी त्याला मांडीवर घ्यायला तुझ्या भावाला बोलाव.

तुझाच,
शेमतोब