मनगटाची दोरी

बाबा, तुमच्या बिरेतचा नमस्कार. मी सुखरूप आहे, हे आधी वाचा.

सकाळीच पोलिसांनी माझ्या बर्फावरच्या स्कूटरचा परवाना, हेल्मेट, दिवे तपासून सगळं ठीक म्हटलं. चालक पडला की गाडी बंद पाडणारी दोरी मात्र मी तुमच्यासारखीच हँडलला गुंडाळली होती. रेनडिअरचा कळप हाकताना गाडीवरून सारखी चढ-उतर, कोण ती मनगटाला बांधत बसणार?

वळणावर मी पडले. गाडीची रेस गारठून अडकलेली, गाडी एकटीच गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्या पोरांकडे सुटली. त्यांच्यापासून हातभरावर ती बर्फात रुतली. एक पोरगी हसत म्हणाली, "मावशी, गाडी तुला टाकून आली की!"

घरी येताच लिहायला बसले. फोन तर तुम्ही उचलतच नाही.

बाबा, तुम्ही पडलात तर तुमची गाडी एकटी जाणार नाही. मागे माझा पोरगा आन्ते बसलेला असतो.

तुमची,
बिरेत