उसवलेली बाही

२ मार्च, रविवार

सासूबाईंनी आज पांढरं कापड माझ्या मांडीवर टाकलं. "माझा शेवटचा झगा, पेटीत जाताना घालायचा. तूच शिव."

मी! लग्नानंतर आठव्या दिवशी मी खिडकीचा पडदा शिवला, तेव्हा चार बायकांत म्हणाल्या होत्या – हिच्या हाताला वळण नाही. बावीस वर्षं झाली. आता माझं शिवणाचं दुकान आहे. ते वाक्य अजून तिथंच आहे.

सकाळी चर्चमध्ये पाळक म्हणाले – मनाच्या दारावर पहारा ठेवा. आलेला प्रत्येक विचार आधी ख्रिस्ताला दाखवा, मग आत घ्या.

ठरवलं. या झग्यात एकही कडू विचार शिवायचा नाही. आला, की शेवटची वीतभर शिवण उसवायची.

५ मार्च

गळा तीनदा उसवला. हे म्हणाले, "झगा शिवतेयस की प्रायश्चित्त करतेयस?"

९ मार्च, रविवार

गळा जमला. डाव्या बाहीशी अडले. त्या खाटेवरून बघत होत्या. "हात चालव गं जरा." लगेच मनात – पडल्या पडल्या हुकूम सोडायला काय जातं! उसवलं.

पाळकांना विचारलं, पहारा देऊनही विचार येतोच, काय करू?

"येणारच. त्याला बसायला खुर्ची देऊ नका."

१४ मार्च

अंदाजासाठी झगा त्यांच्या अंगाला लावून पाहिला. जुन्या मापापेक्षा छाती चार इंच कमी. दंड माझ्या मनगटाएवढा. डॉक्टरांनी बाहेर नेऊन सांगितलं – आता दिवसच मोजायचे.

"बटणं पुढे लाव हं. पुनरुत्थानाच्या दिवशी पाठीमागे चाचपडत बसू का?"

दोघी हसलो, त्यांना खोकला येईपर्यंत. मी पाठ चोळत राहिले. मग तोंड भिंतीकडे करून म्हणाल्या, "पडदा वाकडाच होता. पण चार बायकांत बोलायला नको होतं."

त्यांच्याही लक्षात होतं! इतकी वर्षं!

१७ मार्च

"झाला का गं?"

"एक बाही राहिलीय, आई."

"मग थांबते."

२० मार्च, गुरुवार

बाही पुरी झाली. दिवसभरात एकही कडू विचार आला नाही.

तरी उसवली.