कापलेल्या साडेचार मिनिटांबाबत

मी, कु. एमिली इनास लोपीस, वय ६६, निवृत्त, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. हृदय कमजोर झाले असे डॉक्टर सांगतात. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

१. बँकेतील रक्कम शकूला द्यावी. ती अकरा वर्षे भांडी घासते आणि गेले वर्षभर मला आंघोळही घालते.

२. माझ्या साड्यांना जन्मभर नावे ठेवणाऱ्या मटिल्डावहिनीला त्यातली एकही देऊ नये.

३. कपाटात पत्र्याचा गोल डबा आहे. मुंबईत माहितीपट काढणाऱ्या एका संस्थेत मी एकवीस वर्षे फिल्म कापण्या-जोडण्याचे काम केले. एकाहत्तरच्या युद्धावरील माहितीपटात निर्वासितांच्या छावणीतली एक बाई बोलत होती. तिची भाषा मला येत नव्हती. दुभाष्याच्या चिठ्ठीवर एवढेच होते: सैनिकांनी काय केले ते सांगते.

साहेब म्हणाले, “एमिलीबाई, रडणं फार लांबलंय. विजयाचा सिनेमा आहे हा. कापा.”

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आज्ञापालन पक्के करून घेतले होते. मी कापले. तो साडेचार मिनिटांचा तुकडा मात्र पिशवीत घालून घरी आणला. चित्र एका फितीवर असते आणि आवाज दुसरीवर, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवीत असे. आणि मीच आवाजाची फीत टेबलावर ठेवून आले. सकाळी ती फीत पुसून तिच्यावर बँडचे संगीत भरलेले होते.

मानवी हक्कांच्या सभा भरवणाऱ्या एका गृहस्थांनी कळवले, आवाजाविना उपयोग नाही. दुसरे म्हणाले, आम्ही निवेदन लिहून चढवतो. म्हणजे तिच्या तोंडी यांचे शब्द! त्यांना मी जिना दाखवला. आता डब्यातल्या फिल्मला आंबट वास येतो, ती आकसली आहे, प्रोजेक्टरवर चढत नाही.

माझा भाचा फेबियन म्हणतो, “आत्या, मुकी बाई ठेवून काय करायचं?”

ती मुकी नव्हती. तिला मी मुकी केली.

डबा माझ्या शवपेटीत ठेवू नये. तिला दुसऱ्यांदा लपवल्यासारखे होईल.

४. घर व केळीची वाडी फेबियनला, एका अटीवर. त्याने डब्यातली फीत उजेडाला धरून पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत तिचा चेहरा पाहावा. साक्षीदार सालोमी यांनी तेथे बसावे. त्याला घाई असते. नंतर त्याने डबा खुशाल टाकावा. तो टाकणारच. त्याच्यानंतर तिला पाहणारे कोणी नाही.

सही: एमिली इनास लोपीस
गिरीज, ९ नोव्हेंबर १९८३

आमच्यासमोर सही केली:
सालोमी एडवर्ड परेरा, नंदाखाल
विद्याधर रामचंद्र म्हात्रे, आगाशी