एका कार्डावर एकच माणूस

३ मार्च
साहेबांना पटलं! रंगाच्या या कारखान्याच्या गेटवर हजेरी टिपण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. समोरून रोज आळशी, कामचुकार टोळी तोंड लपवत आत शिरते. आता प्रत्येकाच्या गळ्यात चिप असलेलं कार्ड. आरएफआयडी! गेटजवळ आलं की रेडिओलहरींवरून मशीनला कळणार कोण आला, कधी आला. थापा बंद. प्रदर्शनात हे मशीन मीच हेरलं होतं.
संकल्प: एकालाही सोडायचं नाही.

५ मार्च, रात्री
पुढचा प्लॅन तयार. आधी कार्डं. मग रंगाच्या डब्यांना चिप, मग ब्रशना, मग कॅन्टीनच्या चमच्यांना (त्यांना पाय फुटतात). शेवटी सगळ्यांच्या बुटांत. बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, आधी तुमच्या चष्म्याला लावा, रोज सकाळी मला शोधावा लागतो. या घरात विज्ञानाला किंमत नाही.

९ मार्च
सिस्टिम बसली. गेटवर आडवा दांडा, आतल्या प्रत्येक दारावर रीडर. नियम मी स्वतः लिहिला: एका कार्डावर एकच माणूस. दुसऱ्याला आत घेणाऱ्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कट. हिशेब खात्यातली पाच-मिनिटंबाई (रोज पाच मिनिटं लेट, रोज नवी सबब, वर हसते) म्हणाली, काका, कुणी कार्ड विसरलं तर? मी म्हटलं, बाहेर उभं राहावं. तिचं तोंड उतरलं. दिवस सार्थकी लागला.

१६ मार्च
पहिला रिपोर्ट. साहेबांनी बोलावलं. मशीन म्हणतं, जागेवर सर्वांत कमी बसणारा माणूस मी. कॅन्टीनच्या दारात सर्वांत जास्त वेळा मीच. अहो, मी पाळत ठेवतो! जागेवर बसून चोर सापडतात का? चहा घेतला तो संशय येऊ नये म्हणून. साहेबांनी नुसती मान हलवली. कौतुकाने असावी.
बाईचा आकडा मात्र उत्तम. एकदा खुर्चीत बसली की उठतच नाही. मशीनला आळस मोजता येत नाही. सुधारणा सुचवायची आहे.

२३ मार्च
आनंदाची बातमी. साहेब म्हणाले, आता गेटवर तुमची गरज उरली नाही. म्हणजे वरचा मजला! महिनाअखेर हिशेब करून घ्या, असंही म्हणाले. बढतीआधी जुना हिशेब मिटवतातच. बायको म्हणाली, अहो, नीट विचारलंत का? हिला माझं भलं बघवत नाही. पितळी पाटी करायला टाकली: ‘मुख्य नियंत्रक’.

३१ मार्च
पाटी आली. माझी केबिन कुठली, ते कुणी सांगत नाही. मत्सर. सगळे हल्ली माझ्याशी गोड बोलतात. लाळघोटे मेले, वारा बघून पाठ फिरवणारे. साहेबांनी पाकीट दिलं, हात हातात घेतला. पाकीट उद्या वरच्या टेबलावर ऐटीत उघडणार.

१ एप्रिल
नवा शर्ट. पिशवीत पाटी. कार्ड दाखवलं. लाल दिवा. शर्टाला पुसून दाखवलं. लाल. सगळी टोळी माझ्या बाजूने आत गेली, प्रत्येकाला हिरवा दिवा. कुणीतरी एप्रिल फूल केलंय. कोण, ते शोधून काढणार.
पाकीट उघडलं. त्यातही तेच एप्रिल फूल. खाली साहेबांची सही.
शेवटी पाच-मिनिटंबाई आली. लेट, अर्थात. म्हणाली, काका, माझ्या कार्डावर या आत. कापू देत पगार. साहेबांशी मी बोलते.
नियम मोडायला उघड चिथावणी! मी जागचा हललो नाही. उभ्या उभ्या तिची तक्रार लिहिली. पण तक्रारपेटी आत. म्हणून ती आत शिरल्यावर दांड्यावरून तिच्याच हातात दिली. तिने घडी उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, टाकते. मग हळूच विचारलं, काका, घरी सोडायला येऊ का?
डोळ्यांत पाणी आलं. रंगाच्या वासाने येतं. पण तो वास आत हॉलमध्ये असतो. बाहेर रस्त्यावर कसा आला, याची कुणीतरी चौकशी करायला हवी.