ट्रे नसलेली ऑर्लीन

ऑर्लीनताई,

काल तू टीव्हीवरच्या मालिकेत दिसलीस आणि शिकागोतली आपली अख्खी काळ्यांची गल्ली नेहमीसारखी ओरडली, "आपली पोरगी लागलीय, पळा!" आई स्वयंपाकघरातून हललीच नाही. "मी येईपर्यंत गोऱ्या बाईला कॉफी देऊन ती निघून जाईल. दरवेळी तेच मोलकरणीचं काम."

"अगं, आज ती वकील झालीय! अजून बोलतेय!" मी ओरडले.

आई पिठाच्या हातांनीच आली. तुझं बोलणं गोरा न्यायाधीश मुकाट ऐकत होता. भट्टीत मक्याचा पाव करपला. "करपू दे," आई म्हणाली आणि रडायला लागली.

हे तुला कळवायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. पोरीच्या डोक्यात हवा जाईल म्हणे. म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

मध्येच जाहिरात लागली, तेव्हा तिनं घाबरून विचारलं, "परत येईल ना गं ती?"

आलीस.

तुझी धाकटी,
मेव्हिस