झिलेची जागा

आबा, टँकरमागं हंडे घेऊन पळणाऱ्या आपल्या माणसांची एक तक्रार मी कैक वर्षं व्यासपीठावरून मांडतो आहे. आमचं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकून घेत नाही, ही ती तक्रार. आता तीच तुम्ही माझ्याबद्दल करू शकता.

तुमची कॅसेट आठवते? मी चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलो, पहिल्या पगारात तुम्हाला टेप आणून दिला, आणि त्याच वर्षीच्या दुष्काळात सोयगावकडची आपली मेंढरं विकावी लागली. तुमच्या ओवीला झील धरणारे आम्ही चौघं एकेक करून शहरात आलो. मग तुम्ही ती कॅसेट भरलीत. झील म्हणजे तुमची ओळ संपली की आम्ही ओढायची ओळ. लहानपणी मी ती आधीच उचलायचो. एकदा ढोल थांबवून तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "लई घाई तुला. समोरच्याचं पुरतं होऊ दे की!"

तुमच्या माघारी, गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या मोर्चासाठी त्या कॅसेटवरची तुमची ओवी पडेगावच्या एका स्टुडिओत नेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुमचा आवाज आडवा पसरलेला, त्यावर ठेक्याच्या उभ्या रेषा. स्टुडिओवाली ताई म्हणाली, "काका, तुमचे आबा हर ओळीनंतर थांबतेत. टँकरची वाट बघायलेत का काय?" मी हसलो. "पुढं ओढू का? बीटवर बसंल." मी म्हणालो, "ओढ." तिनं माउसनं एकेक तुकडा उचलून रेषेला चिकटवला. मधली शांतता मिटली. मग तिनं गाणं लावलं. तुमची पहिली ओळ संपते आणि माझं तोंड सवयीनं उघडतं, झील धरायला. तुम्ही दुसऱ्या ओळीवर पोचलेले असता.

तेव्हा कळलं. तुमचा ठेका चुकत नव्हता. मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात एकटे बसून, नसलेल्या आमच्या ओळीएवढे तुम्ही थांबत होतात.

"जमलं ना, काका?" तिनं विचारलं. बाहेर कार्यकर्ते पेनड्राइव्हसाठी उभे होते. "परत मागं घे" एवढे तीन शब्द माझ्यासारख्या बोलणाऱ्याच्या तोंडून निघाले नाहीत. "झकास," म्हणालो.

आता ते गाणं रिक्षांवर वाजतं. प्रत्येक सभा त्यानंच सुरू होते. मी मधल्या खुर्चीत बसतो, उठता येत नाही, कान झाकता येत नाहीत. मग उभा राहून गरजतो की गावं रिकामी करून हे शहर फुगलं. त्या रिकामेपणाचा पुरावा तुमच्या आवाजात होता, तो मीच पुसून घेतला. लोकांना आता हीच चाल पाठ झाली आहे. मूळ कॅसेट कपाटात आहे, पण ती लावून "मी चुकलो" म्हणायला जीभ रेटत नाही.

हे वहीतच राहील. एक मात्र कबूल करतो. झील मला अजून पाठ आहे. त्या दिवशी स्टुडिओत माइक समोरच होता, पण मला म्हणायची लाज वाटली. तिथं गात असाल तर, आबा, माझ्यासाठी थांबू नका. पुढची ओळ म्हणा.