बाबांच्या खोलीतला रेडिएटर

ओटावा,
१८ जानेवारी २०२५

ती. रचनाताईंना,
सप्रेम नमस्कार.

एरवी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो, पण हे सलग लिहायचं होतं, म्हणून ईमेल. इथे उणे बावीस आहे, आत्ताच ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आले. बाबांचं बीपी ठीक. तुमचा गुडघा कसा आहे?

घर गरम ठेवायला नवा बॉयलर बसवल्याचं अनुपने सांगितलंच असेल. जुना पाणी ऐंशी डिग्रीपर्यंत तापवायचा. हा पन्नासवर चालवतात, गॅस कमी लागतो. पण पाणी कमी तापतं, म्हणून खोल्यांमधले, ते पाणी फिरून ऊब देणारे रेडिएटर मोठे लागतात. कंपनीने एकेका खोलीचा हिशोब करून ते बदलले. फक्त तुमच्या बाबांच्या खोलीत जुना, छोटाच राहिला. "तिथे तेवढा पुरतो," अनुप म्हणाला.

पुरत नाही, ताई. बाबा कानटोपी घालून झोपतात. आधी मला वाटलं, तेच रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद करतात. चिडलेही त्यांच्यावर. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता.

मग मी अनुपकडे बघायला लागले. बॉयलरचं तापमान वाढवू म्हटलं, की "उद्या बघू." तुमचा फोन आला, की हा बेसमेंटमध्ये जातो. पूर्वी माझ्यासमोर बोलायचा.

मंगळवारी, कंपनीत बसून आमच्या खोल्यांचा हिशोब करणाऱ्या गुंजनलाच घरी बोलावलं. पलंग, औषधं, काठी बघून ती दारातच थांबली.

"दीदी, यहाँ कोई रहता है? सर ने तो कहा था, ये स्टोररूम होगा."

संध्याकाळी अनुपला विचारलं. म्हणाला, "मार्चमध्ये बाबा जातायत. ताईने पुण्यात वृद्धाश्रम बघितलाय."

"मार्चमध्ये जाणारा माणूस जानेवारीत गारठला तरी चालतो का?"



त्याच रात्री बाबांना आमच्या खोलीत हलवलं. त्यांच्या खोलीत आम्ही दोघं झोपतो. तिसऱ्या दिवशी अनुपनेच फोन करून मोठा रेडिएटर बसवायला सांगितला. मार्चबद्दल मात्र अजून तोंड उघडत नाही.

बाबांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांना वाटत होतं, कॅनडातली घरं अशीच गार असतात.

ठरवताना मला विचारलं नाहीत, ते राहू दे. त्यांना विचारलंत का? रविवारी फोन कराल तेव्हा अनुपला नको, बाबांना मागा. मी त्यांच्या शेजारी बसलेली असेन.

तुम्ही त्यांना काय सांगता, ते ऐकायला थांबलेली,
गौरांगी